सूडाच्या प्रसंगाआधी काय घडले, तेही पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतील दादागिरी आणि तिचा सूड या विषयावरील चित्रपटांची परीक्षणे वाचताना एक गोष्ट सतत खटकते. बहुतेक जागा सूडाच्या प्रसंगाला मिळते आणि छळणाऱ्याला अद्दल घडल्याचे समाधान परीक्षकाच्या सुरातही उतरते. या प्रकारातील चांगले चित्रपट नेमके हेच समाधान नाकारतात, म्हणून हे पत्र.

जेकब आरन एस्टीस यांचा 'मीन क्रीक' (२००४) हा अल्प खर्चातील स्वतंत्र अमेरिकी चित्रपट पाहावा. आपल्या कॅमेऱ्याला हात लावला म्हणून जॉर्ज हा दांडगा मुलगा शाळेतल्या सॅमला बेदम मारतो. सॅमचा थोरला भाऊ आणि त्याचे मित्र ठरवतात, की वाढदिवसाच्या बहाण्याने जॉर्जला होडीतून फिरायला न्यायचे आणि कपडे काढायला लावून तसेच घरी पळवायचे. जॉर्ज मात्र सॅमसाठी भेटवस्तू घेऊन येतो. त्याचा एकटेपणा आणि मैत्रीची ओढ दिसू लागते, तसा सॅमच बेत सोडून द्यायला सांगतो. तरीही एक मित्र हट्टाला पेटतो, बाचाबाची होते, जॉर्ज पाण्यात पडतो आणि बुडून मरतो. सॅमने नको म्हटल्यापासून जॉर्ज पाण्यात पडेपर्यंतचा भाग मला चित्रपटाचा गाभा वाटतो, कारण बहुतेकांना आता हे नको असते आणि तरी हट्टाला पेटलेल्या एकाला कोणीही वेळेवर आवरत नाही.

नॉर्वेत दीर्घकाळ संशोधन केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी अशा छळाची ओळख हेतुपुरस्सर त्रास, त्याची पुनरावृत्ती आणि बळाचे असंतुलन या तीन खुणांनी करून दिली. पुनरावृत्ती वगळली, तर होडीत एकाविरुद्ध पाच असताना उरलेल्या खुणा जॉर्जच्या बाबतीत लागू होतात. म्हणजे सूड घेणारे आता जॉर्जच्याच, छळणाऱ्याच्या जागी जाऊन बसलेले असतात. इल्मार राग यांच्या 'क्लास' (२००७) या एस्टोनियन चित्रपटाचा शेवट गोळीबारात होतो आणि चर्चाही त्याचीच होते, पण त्याआधीचा जवळजवळ सारा वेळ दिग्दर्शकाने छळात सामील होणाऱ्या वर्गाला दिला आहे.

हे चित्रपट ज्यांच्याविषयी आहेत, त्यांच्यापर्यंत ते सहज पोहोचत नाहीत, याचे मला अधिक वाईट वाटते. अमेरिकेत 'मीन क्रीक'ला 'आर' श्रेणी मिळाली. १७ वर्षांखालील प्रेक्षकाला तो पालक किंवा प्रौढ सोबतीशिवाय चित्रपटगृहात पाहता येत नाही. ली हर्श यांच्या 'बुली' या माहितीपटालाही शिव्यांमुळे आधी हीच श्रेणी होती. २०१२ मध्ये काही शब्द वगळल्यावर ती सौम्य झाली. मुले ज्या शिव्या शाळेत रोज ऐकतात, त्याच पडद्यावर ऐकण्यास त्यांना मनाई करणे मला पटत नाही.

आपल्या परीक्षकांनी अशा चित्रपटांबद्दल लिहिताना कोणत्या वयाच्या मुलांना तो मोठ्यांसोबत दाखवता येईल, हे स्पष्ट लिहावे, आणि बेत कोठे थांबवता आला असता, त्या प्रसंगाची चर्चाही करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक शिक्षक