नफा मुरतो खोक्यात

संपादक महोदय,

स्वतः वस्तू बनवून ऑनलाइन विकण्याबद्दल हल्ली भरभरून लिहिले जाते, पण सारा भर फोटो आणि जाहिरातींवर. नफा जिथे मुरतो त्या खोक्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त, त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि सहसा ५००० ने भागायचे. ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात अर्ध्या किलोची लॅम्पशेड भरली, तरी भाडे तीन किलोचे! खोक्याची उंची ५ सेंटिमीटरने उतरली, तर तेच वजन सव्वादोन किलोवर येते. म्हणून लॅम्पशेड घडी घालून किंवा सुटी करून पाठवता येईल का, हे डिझाइन कागदावर असतानाच ठरायला हवे. एकदा साचा बनला की हात बांधले जातात.

परत येणारा माल हे वेगळेच दुखणे. भाडे अनेकदा दोन्ही बाजूंचे बसते आणि चरा पडलेली वस्तू नवी म्हणून पुन्हा विकता येत नाही. त्यात ज्या संकेतस्थळावरून विकतो त्याचे कमिशन कापले जाते ते विक्रीकिमतीवर, नफ्यावर नव्हे. हे तर भलेभले विसरतात.

आपल्या पुरवणीत अशा उद्योजकांच्या यशकथा जरूर छापा. फक्त उलाढालीचा आकडा विचारताना एका नगामागे हातात काय उरते, तेही विचारा.

– एक लघुउद्योजिका