स्पेसरचा फायदा नेमका कोणत्या इंजिनाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे सरळ रस्त्यावर ठरलेले अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या शर्यतीच्या, इंजिनांवर जो मजकूर आला, त्यात कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग, त्याच्याखाली स्पेसर नावाचा ठोकळा बसवला की इंजिनाची ताकद वाढते, असे सरसकट विधान केलेले आहे. यवतमाळ, वर्धा, अमरावती या जिल्ह्यांतील तालुक्यांच्या गावी जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे वेड असलेली पुष्कळ मुले आहेत आणि असे काही वाचले की ती थेट लेथवाल्याकडे जाऊन ॲल्युमिनियमचा तुकडा कातून आणतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवण्यात माझी हयात गेली. म्हणून या विधानाची छाननी व्हावी, असे मला कळकळीने वाटते.

हे विधान ज्या इंजिनांवरून आले, ती अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीची आठ सिलिंडरची इंजिने आहेत. तेथे स्पेसर म्हणजे कार्ब्युरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा भाग) यांच्यामध्ये घालायचा अर्धा, एक किंवा दोन इंच जाडीचा ठोकळा. तो ॲल्युमिनियमचा, बॅकेलाइटच्या जातीचा किंवा लाकडाचे थर चिकटवून केलेला असतो. आठही सिलिंडर एकाच कार्ब्युरेटरमधून हवा ओढतात, तेव्हा कार्ब्युरेटरच्या लगेच खाली मॅनिफोल्डमध्ये एक सामाईक पोकळी असते, तिला प्लेनम म्हणतात. सिलिंडरांची ओढ या पोकळीत एकामागून एक धक्क्यांनी येते, आणि कार्ब्युरेटरमधून खाली आलेल्या मिश्रणाला तेथेच झटक्यात वळून आपापल्या सिलिंडरच्या वाटेला लागावे लागते. हवा सहज वळते, पण पेट्रोलचे थेंब जड असल्यामुळे ते सरळ जाऊन पोकळीच्या तळावर आपटतात आणि मग कोणत्या सिलिंडरला पेट्रोल जास्त जाते, तर कोणत्याला कमी. स्पेसरमुळे ही पोकळी उंच होते, वळायला जागा मिळते आणि धक्के सौम्य होतात. ज्या मॅनिफोल्डची पोकळी त्या इंजिनाच्या भुकेच्या मानाने लहान आहे, तेथे वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे जास्त असताना, याचा फायदा खरोखर दिसतो.

पण याची किंमतही मोजावी लागते. मधून पूर्ण मोकळा असलेला स्पेसर पोकळी वाढवतो, तशी कार्ब्युरेटरच्या व्हेंचुरीवर, म्हणजे पेट्रोल खेचणाऱ्या अरुंद गळ्यावर, पडणारी ओढ कमी करतो. पेट्रोल कमी खेचले जाते, मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि मोठे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोक) घालावे लागते. कार्ब्युरेटरच्या चार वाटांसाठी चार वेगळी भोके ठेवलेला स्पेसर हवेचा वेग टिकवतो, म्हणून तो मधल्या आरपीएमला बरा, परंतु वरच्या टोकाला त्याचा लाभ सहसा कमी. ज्याचा मॅनिफोल्ड मुळातच त्या इंजिनासाठी मापून घडवला आहे, त्याला स्पेसरने काहीच मिळत नाही आणि कधी कधी ताकद उलट घटते. शिवाय व्यावसायिक शर्यतीचे वरचे टोकही आता कार्ब्युरेटरवर राहिलेले नाही; अमेरिकेच्या एनएचआरए संघटनेने प्रो स्टॉक मोटारींच्या वर्गात २०१६ पासून कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन सक्तीचे केले.

फायदा झाला तरी तो केवढा, हेही वाचकांना सांगायला हवे होते. सुमारे ५०० अश्वशक्तीच्या इंजिनावर स्पेसर जुळून आला, तर डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, साधारणतः ५ ते १० अश्वशक्तींची वाढ दिसते. ड्रॅग शर्यतीचे पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर अंतर कापायला लागणारा वेळ हा गाडीचे वजन भागिले ताकद या संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे ताकद दोन टक्क्यांनी वाढली तर वेळ एक टक्क्यानेही घटत नाही. साधारण १,४५० किलोंची अशी मोटार ते अंतर १०.८ सेकंदांच्या आसपास कापत असेल, तर १० अश्वशक्ती वाढल्यावर सुमारे सात शतांश सेकंद वाचतात. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला सेकंदाच्या एवढ्याशा तुकड्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे हा फायदा क्षुल्लक आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र एवढा लहान फरक अंदाजाने कळत नाही, तो मापावाच लागतो.

आता आपल्याकडच्या गाड्यांकडे पाहू. ज्या यामाहा आरएक्स १०० साठी मुले हे तुकडे कातून घेतात, तिचे उत्पादन भारतात १९८५ ते १९९६ या काळात झाले. ती ९८ सीसीची, ११ अश्वशक्तीची, एका सिलिंडरची गाडी. एकच सिलिंडर आणि त्याचा एकच कार्ब्युरेटर असल्यामुळे आठ सिलिंडरांत वाटून घ्यायची ती सामाईक पोकळी येथे नाहीच. येथे स्पेसरने वाढते ती हवेच्या वाटेची लांबी, आणि वाट लांबली की इंजिनाचा जोर सहसा खालच्या आरपीएमकडे सरकतो. म्हणजे ज्या वरच्या आरपीएमच्या ताकदीसाठी अमेरिकेतील मोटारीला मोकळा स्पेसर लावतात, ती या गाडीत कमी होण्याचीच शक्यता अधिक. समजा दोन टक्के वाढ मिळालीच, तर ती पाव अश्वशक्तीसुद्धा भरत नाही. स्वारासह गाडीचे वजन १६० किलो धरले, तर तीन-साडेतीन किलो वजन उतरवूनही तेवढाच लाभ होतो, आणि त्यात इंजिनाला धोका नाही.

धोक्याचे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण तो डोळ्यांनी पाहिलेला आहे. गॅरेजमध्ये उघडलेल्या अशा गाडीत रीड व्हॉल्व्हचा (मिश्रण आत जाऊ देणाऱ्या पण परत येऊ न देणाऱ्या झडपेचा) ब्लॉक आणि कार्ब्युरेटरचा रबरी जोड यांच्यामध्ये बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचे भोक मूळ वाटेपेक्षा एका अंगाला सरकलेले होते. तेथे नखाला लागेल एवढी पायरी तयार झाली होती, तिच्यावर ऑइलमिश्रित पेट्रोल साचून काळे पडले होते आणि हाताने कापलेल्या पॅकिंगची कड वाटेत डोकावत होती. तुकड्याचा पृष्ठभाग सपाट नसल्याने पॅकिंगच्या दुसऱ्या बाजूने हवा आत शिरत होती. ही चोरटी हवा जेटमधून मोजून आलेल्या पेट्रोलशी मेळ ठेवत नाही. मिश्रण लीन होते, प्लग पांढरा पडतो, आणि टू-स्ट्रोक इंजिनात पूर्ण थ्रॉटलवर पिस्टन सिलिंडरमध्ये सीझ होतो, म्हणजे तापून अडकून बसतो. भरधाव गाडीचे मागचे चाक अशा वेळी एकाएकी जाम होते. प्रत्येक स्पेसर म्हणजे एक जादा सांधा, हे मी वर्गात नेहमी सांगत असे.

विदर्भाच्या उन्हाळ्यात स्पेसरचा एक उपयोग मात्र मला मान्य आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत बॅकेलाइटमधून उष्णता शेकडो पटींनी कमी वाहते. त्यामुळे तापलेले इंजिन बंद करून गाडी उन्हात उभी केली असता कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधील (पेट्रोल साठणाऱ्या वाटीतील) पेट्रोल उकळून गाडी पुन्हा सुरू व्हायला त्रास देते, तो त्रास बॅकेलाइटच्या इन्सुलेटरने कमी होतो. पुष्कळ गाड्यांत कंपनीच असा पातळ इन्सुलेटर देते. कोणी तो काढून त्या जागी ॲल्युमिनियम घातला, तर होता तो फायदाही जातो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र हवा तेथून इतक्या झपाट्याने निघून जाते की वाटेत तिला फारसे तापायला वेळच मिळत नाही.

याच उन्हामुळे चाचणीत फसगत होते. सकाळी ३० अंश आणि दुपारी ४५ अंश तापमान असेल, तर दुपारच्या हवेची घनता सकाळपेक्षा जवळपास पाच टक्क्यांनी कमी असते आणि इंजिनाची ताकदही त्याच बेताने उतरते. दुपारी स्पेसरविना गाडी पळवून दुसऱ्या दिवशी सकाळी स्पेसर लावून पळवणाऱ्याला जो फरक जाणवतो, तो स्पेसरच्या खऱ्या फरकाच्या दुपटीहून मोठा, आणि तो निव्वळ हवेचा असतो. म्हणून आधी स्पेसरविना, मग स्पेसर लावून आणि पुन्हा काढून, अशी चाचणी एकाच सकाळी, प्रत्येक वेळी जेट जुळवून, डायनोवर व्हायला हवी. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर ती करू नये. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि ४०२ मीटरच्या अधिकृत शर्यती एफएमएससीआय या राष्ट्रीय संस्थेच्या मान्यतेने भरतात.

माझी आपल्याला विनंती आहे की पुरवणीत अशा सुट्या भागांविषयी यापुढे लिहिताना इंजिन किती सिलिंडरचे, मॅनिफोल्ड कोणत्या प्रकारचा, स्पेसरची जाडी व धातू, चाचणीच्या वेळचे तापमान आणि दोन्ही वेळची मोजलेली ताकद एवढी माहिती सोबत छापावी. नागपूर आणि अमरावती येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी ज्यांच्या प्रयोगशाळेत डायनो आहे, त्यांनी एखाद्या जुन्या आरएक्सवर ही चाचणी करून आकडे आपल्याकडे पाठवले, तर ते आमच्या भागातील प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावण्यासारखे होतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मोटार मेकॅनिक),
ता. आर्वी, जि. वर्धा