तासगाव तालुक्यातल्या आमच्या आशाताईंना (गावच्या आशा स्वयंसेविकेला)

आशाताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. अभ्यासात आलेल्या बायका वाचतील तेव्हा पत्र कुणाला आहे ते ओळखतीलच.

मी नवी मुंबईतल्या कॅन्सर संशोधन केंद्रात काम करते. गालाच्या आतून ब्रशनं घेतलेल्या पेशी तपासायच्या आणि मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावणाऱ्या बायकांच्या पेशींत कोणते बदल आधी होतात ते शोधायचं, हे माझं काम. तंबाखूत नायट्रोसामाईन ही कॅन्सरकारक रसायनं असतातच. ती काळी होईपर्यंत भाजली की बेंझोपायरीनसारखी रसायनंही तयार होतात. हे प्रयोगशाळेत मोजता येतं. पण बाई दिवसातून किती वेळा मिश्री लावते, हे तिनंच सांगावं लागतं.

आमच्या प्रश्नावलीत विचारलं होतं, 'तंबाखूचं व्यसन आहे का?' तुम्ही म्हणालात, "मॅडम, याला सगळ्या नाहीच म्हणतील. सकाळी दात कशानं घासता, दुपारी जेवल्यावर परत लावता का, असं विचारा." तसं विचारल्यावर बायका आपणहून डबी काढून दाखवू लागल्या. आज माझ्याकडच्या आकड्यांवर माझा भरवसा आहे तो त्यामुळे.

संमतीपत्रावर सही घेण्याआधी तुम्ही प्रत्येकीला सांगायचात, "यातनं तुला औषध मिळणार नाही. नको वाटलं तर नको म्हण." काहीजणींनी नको म्हटलंही, आणि तुम्ही त्यांना पुन्हा विचारलं नाहीत. संशोधनाची नीतिमत्ता मी पुस्तकात शिकले होते. ती इतकी सरळ पाळलेली मी तुमच्याकडे पाहिली.

द्राक्षांच्या छाटणीत बायका सकाळीच बागेत जातात, म्हणून भेटी संध्याकाळी ठेवायला तुम्हीच सांगितलंत. नमुन्यांसाठी बर्फाच्या डब्याचीही सोय केलीत.

आणि त्या मावशी! गालात पांढरा चट्टा दिसला, तरी मिरजेला यायला तयार नव्हत्या. असा प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, पण तपासल्याशिवाय कळत नाही, हे तुम्ही त्यांच्या मुलाला बसवून समजावलंत. एसटीनं बरोबर गेलात, बायोप्सीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पाठ सोडली नाहीत. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. मावशींनी मिश्री सोडली. हे काम ना आमच्या अभ्यासात होतं, ना त्याचं तुम्हाला मानधन मिळालं.

शोधनिबंधाच्या शेवटी 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार' अशी एक ओळ छापतात. मला ती फार तोकडी वाटते. म्हणून हे पत्र.

निष्कर्ष हाती आले की मराठीत लिहून घेऊन येते. बायकांना एकत्र बोलवा. त्यांच्या पेशींत आम्हाला काय दिसलं, ते आधी त्यांना सांगू.

तुमची,
लॅबवाली ताई