ईआरपी नंतर, हीट नंबर आधी

भोसरी, पुणे
गुरुवार

प्रिय संजय,

परवा फोनवर अर्धं बोलणं मशिनच्या आवाजात गेलं. आज एमआयडीसीला सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहितोय.

फौंड्रीला डिफेन्सची कामं घ्यायची तर ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, हवंच, असं तो सॉफ्टवेअरवाला तुझ्या गळी उतरवतोय. माझं ऐकशील तर आत्ता घेऊ नकोस. त्याचा डेमो मी पाहिलाय. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर रंगीत गोल, कुठलं मशिन किती टक्के चाललं ते. दिसायला झकास. पण इन्स्पेक्टर शिरोलीच्या तुझ्या शेडमध्ये आला की रॅकमधला एक पीस उचलणार आणि विचारणार, हा कुठल्या हीटचा (भट्टीतल्या कुठल्या घाण्याचा)? टीसी (त्या धातूचं टेस्ट सर्टिफिकेट) काढा. कुठल्या मायक्रोमीटरने मोजला, त्याचं कॅलिब्रेशन कधीपर्यंत आहे? ड्रॉइंगची रिव्हिजन कुठली? एवढ्याची उत्तरं दोन मिनिटांत निघत नसतील, तर टीव्ही पोरांना मॅच बघायला घरी ने.

आता फौंड्रीवाल्याला मी हीट नंबर काय शिकवणार! पण कास्टिंग (ओतीव भाग) तुझ्या गेटबाहेर पडलं की त्या नंबराचे काय हाल होतात, ते मी रोज बघतो. तुमची माणसं पंच मारतात तो सपाट, मोठ्या फेसवर, कारण तिथं तो नीट बसतो. आमच्या मशिनशॉपचा पहिलाच सेटअप त्या फेसच्या फेसिंगचा, म्हणजे तो वरून सोलून काढायचा. तीन मिलिमीटर माल निघाला की नंबर बुऱ्याच्या ट्रेमध्ये! मग एका लॉटमध्ये दोन हीट मिसळल्या तरी कुणाच्या बापाला कळत नाही, आणि त्यातल्या एकीचं टेन्साइल (ताणाची चाचणी) फेल आलं की अख्खा लॉट बाजूला.

म्हणून आमच्या रूट कार्डावर (पीसबरोबर फिरणाऱ्या, कामांचा क्रम लिहिलेल्या कार्डावर) फेसिंगच्या वर एक ओळ घातलीय: 'हीट नंबर बॉसवर उतरवणे'. बॉस म्हणजे पीसवरचा उंचवटा. ऑपरेटर पंच मारतो, दुसरा माणूस वाचून बघतो, दोघांच्या सह्या. कार्डावर बारकोड आहे, मशिनशेजारी दोनेक हजारांचा स्कॅनर. प्रत्येक ऑपरेशनला बीप केलं की वेळ, ऑपरेटर आणि गेजचा (मोजायच्या साधनाचा) नंबर ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चढतो. मागे साधं एक्सेल आहे, क्वालिटीला असलेल्या आमच्या पोरीने बसवलेलं. पीसवरचा नंबर टाकला की टीसी समोर. तुझ्याकडे तर याहून सोपा उपाय आहे. ग्राहकाची लेखी मंजुरी घेऊन पॅटर्नमध्येच (ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्यातच) नंबराला अशी जागा ठेव, जिला टूल लागणारच नाही. ते काम कुठलंही सॉफ्टवेअर करून देणार नाही.

ड्रॉइंगचं पुराण तर वेगळंच. एका गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याने (नाव लिहीत नाही) डिफेन्सच्या पार्टचं ड्रॉइंग सरळ व्हॉट्सॲपवर टाकलं. ते ग्रुपमधून हीट ट्रीटमेंटवाल्याकडे गेलं आणि तिथून प्लेटिंगवाल्याच्या भाच्याकडे. आणि गुप्ततेच्या करारावर सही कुणाची? माझी! तेव्हापासून ड्रॉइंग एकाच कॉम्प्युटरवर, त्याला इंटरनेट नाही. प्रिंटवर रिव्हिजन आणि तारखेचा शिक्का, जुनी प्रिंट परत आल्याशिवाय नवी मिळत नाही. मशिनला सेलोटेपने चिकटवलेले, कूलंट पिऊन पिवळे झालेले कागद मी स्वतः फाडले. मशिनचे प्रोग्रॅम केबलने जातात, पेन ड्राइव्ह बंद. ऑपरेटर आठवडाभर कुरकुरले. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं. रात्रपाळीला असं झालं तर कुणाला फोन करायचा, हे तुझ्या सुपरवायझरला माहीत आहे का? ते आधी भिंतीवर लिही.

कामं कुठून मिळतील, हे तू विचारलंस. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. म्युनिशन्स इंडिया इथं पुण्यात, यंत्र इंडिया नागपूरला. बाबा टेंडरच्या कागदासाठी खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या गेटवर तासन् तास बसायचे. आता पोर्टलं आहेत आणि डिजिटल सहीचं टोकन आहे, ज्याची मुदत हमखास बिडच्या शेवटच्या दिवशी संपते. संरक्षण खात्याचं सृजन पोर्टल बघ. २०२० पासून तिथं परदेशातून येणाऱ्या वस्तूंच्या याद्या टाकतात, इथं कोण बनवेल म्हणून. तुझ्या ग्रेडची, तुझ्या भट्टीला झेपणारी कास्टिंग शोध, बाकीच्या मोहात पडू नकोस. उद्यम नोंदणी (सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असली की टेंडरच्या अनामत रकमेतून सूट मिळते, ती मात्र सोडू नकोस.

पैशाची काळजी तुला आहेच, आणि रास्त आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात खरेदीदाराला पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे. ट्रेड्सवर (लहान उद्योगांच्या बिलांवर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर) बिल चढवलं तर बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे लवकर सुटतात. पण खरेदीदाराने बिल मान्य केल्यावर! घोडं अडतं ते तिथंच. माल मान्य व्हायला इन्स्पेक्शन, आणि इन्स्पेक्शनला पुन्हा तेच कागद. टीसी, मोजमापाचा रिपोर्ट आणि डिलिव्हरी चलन एकाच नंबराला बांधलेलं असलं की इन्स्पेक्टरला शेरा मारायला जागा उरत नाही. आमचे पैसे लवकर यायला लागले ते यामुळेच, बँकेच्या कृपेने नव्हे.

झेड सर्टिफिकेटचं (लहान उद्योगांच्या दर्जासाठीच्या सरकारी सर्टिफिकेटचं) बघून ठेव. सूक्ष्म उद्योगाला खर्चात ८० टक्के सवलत आहे, लघुला ६०. ब्राँझपासून, म्हणजे पहिल्या पायरीपासून, सुरू कर. कन्सल्टंट लागत नाही, तुझी धाकटी बसून फॉर्म भरेल.

पुढच्या महिन्यात मी कोल्हापूरला येतोय. ज्या पार्टसाठी विचारणा आलीय, त्याचं पॅटर्न शेडमध्ये काढून ठेव, नंबराची जागा तिथंच उभं राहून ठरवू. तोवर ईआरपीवाल्याला ॲडव्हान्सचा चेक देऊ नकोस. वहिनींना नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं, ते कळव.

तुझा,
अविनाश