पेट्रोल उकळायची वाट कोण बघतो?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला इंधनावरचा लेख चहाबरोबर वाचायला घेतला आणि चहा गार झाला. उत्कलनांक म्हणजे द्रव उकळतो ते तापमान; फ्लॅश पॉइंट म्हणजे ठिणगी लागताच पेटेल इतकी वाफ द्रव सोडू लागतो ते तापमान. ही एकाच गोष्टीची दोन नावं, असं लेखकमहाशयांनी ठरवूनच टाकलंय. वर 'पेट्रोल उकळल्याखेरीज धोका नाही' असा दिलासाही!

उद्यमनगरात तीस-बत्तीस वर्षं ऑइल इंजिनांशी झटापट केली. उमेदवारीच्या काळात, डिसेंबरातल्या एका सकाळी परातीत पेट्रोल घेऊन मी गिअर धूत होतो. बोटं बधिर झालेली. सहा-सात फुटांवर उकिडवं बसून एकानं विडी पेटवली. मिस्त्री ओरडले, "आरं इझीव ती!" तोवर जमिनीलगत निळसर जाळ सरसरत परातीपर्यंत आला. ओली पोती टाकून विझवलं. भुवया गेल्या त्या पुन्हा आल्या, मनगटावरचा डाग अजून आहे. त्या परातीतलं पेट्रोल उकळत होतं का हो? हाताला बर्फासारखं लागत होतं.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली 40 अंशांच्या आसपास. म्हणजे कोल्हापूरच्या कुठल्याही थंडीत त्याची वाफ पेटायला तयारच. हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीवरून सरपटते. रॉकेलचा 35 अंशांच्या पुढे. थंड रॉकेल पुरेशी वाफ सोडत नाही, म्हणून तर पंपाच्या स्टोव्हचा बर्नर आधी काकडा लावून तापवावा लागायचा. लेखकांच्या घरी ते काम आईच करत असावी.

आणि कच्च्या तेलाचा उत्कलनांक म्हणून जो एकच आकडा छापलाय, तो कुठून आणला? कच्चं तेल ही असंख्य संयुगांची मिसळ. त्यातून निघणारं पेट्रोलच साधारण 35 अंशांना उकळायला लागतं ते 200 पर्यंत उकळतच असतं. डांबर तळाशी बसून राहतं. एकच आकडा सांगायला ते काय पाणी आहे? तेही आपल्याकडे 98 च्या आसपासच उकळतं, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत म्हणून.

आमच्या गल्लीत पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणून जिन्याखाली ठेवणारी पोरं आहेत. त्यांनी तुमचा लेख वाचला नसावा, एवढीच आशा.

दुरुस्ती छापाल ती मागच्यासारखी छोट्या जाहिरातींच्या पोटात नको. आणि रविवारच्या शब्दकोड्यात उभा सात नि आडवा अकरा काही केल्या जुळत नाहीत, तेही जरा बघा.

आपला,
एक निवृत्त फिटर, कोल्हापूर