बाबांच्या पायातल्या चाळांना पुरावा कुठून आणू?

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

परवा पोस्टमन लिफाफा देऊन गेला. आतल्या कागदावर कामाची ओळ एकच होती : कलाक्षेत्रातील कार्याचा सबळ पुरावा नसल्याने अर्ज अपात्र. अर्ज माझ्या बाबांचा आहे, वय ७४. दंडार आणि खडीगंमत या पूर्व विदर्भातल्या लोकनाट्यांत त्यांनी ४० वर्षं घातली. वृद्ध कलावंतांचं मानधन एप्रिल २०२४ पासून महिन्याला ५००० रुपये झालं, म्हणून आम्ही अर्ज केला. गेल्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेत, व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी बाबांना शाल घातली आणि माईकवर सांगितलं, “शाहीर, तुमचं काम झालंच समजा.” ती शाल बाबा अजून घडी करून ठेवतात.

ऑफिसात टेबलावरच्या साहेबांनी फोटो, पेपरातली कात्रणं, प्रमाणपत्रं मागितली. मंत्री महोदय, वैनगंगेकाठच्या आमच्या गावात दिवाळीनंतर गॅसबत्तीच्या उजेडात रातभर गंमत चालायची. फोटो काढणार कोण होतं तिथे? बाबा लुगडं नेसून उभे राहिले की सख्खी आत्यासुद्धा त्यांना ओळखत नसे. आमच्याकडे उरलेत ते त्यांचे चाळ. आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेले, पट्ट्याचं चामडं लाकडासारखं कडक झालेलं, डाव्या पायाच्या चाळातले तीन घुंगरू गळालेले. मी ते टेबलावर ठेवले. साहेबांनी पेनानं बाजूला सरकवले आणि म्हणाले, “याची झेरॉक्स होत नाही.”

ते ऐकून माझं डोकं फिरलं. बाबा मात्र घरी आल्यावर एवढंच बोलले, “कायले गेला होतास?” त्या रात्री ते जेवले नाहीत.

त्यांनी काय काम केलं, ते मी सांगतो. एका वर्षी धानाच्या ४० किलोच्या कट्ट्यामागे व्यापारी शेठ दीड किलो जास्त घेत होता. सगळ्यांना माहीत होतं, बोलायची कोणाची छाती नव्हती. मंडईच्या रात्री बाबांनी ढोलकीवर गाण्यातून सवाल टाकला की काटा नेहमी वाड्याकडेच का झुकतो. पुढच्या खुर्चीवरचे शेठ उठून गेले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि सकाळी चार माणसं घरचं वजन घेऊन काट्यावर उभी राहिली. हे काम कोणत्या खात्यानं केलं असतं?

खंजिरीची ताकद इंग्रजांना कळली होती. १९४२ च्या आंदोलनात आमच्याकडचं चिमूर पेटलं, तेव्हा त्यांनी भजनं गाणाऱ्या तुकडोजी महाराजांना तुरुंगात टाकलं. गाणाऱ्याला ते घाबरले, त्याच्याकडे कात्रण मागितलं नाही. आमचं सरकार मात्र गाणाऱ्याला ओळखतच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, त्याचा आम्हालाही आनंद झाला. पण ती भाषा ज्यांच्या तोंडात जगली, त्यातली कितीतरी माणसं सही करत नाहीत, अंगठा लावतात. २०१९ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन एका शेतकऱ्याच्या विधवेनं केलं. त्या दिवशी आमच्यासारख्यांना वाटलं, आता आपलंही कोणी ऐकेल. त्यानंतर काय झालं? माझ्या पोराच्या शाळेत चित्रकलेला मास्तर नाही, गावातल्या वाचनालयाला कुलूप आहे. पोरांच्या हातात मोबाईल आहे, पण काट्याबद्दल विचारायला कोणी शिकवत नाही. नांगर धरणाऱ्यानं प्रश्न विचारू नये, अशी तर तुमची इच्छा नाही ना?

मला मेहेरबानी नको. ज्यांची कला तोंडी आहे, त्यांचा पुरावा तोंडीच घ्या. निवड समितीनं मंडईत यावं, पारावर बसावं, म्हाताऱ्यांना विचारावं. बाबांचे गुडघे गेलेत, पण बसून सवाल म्हणतील.

या पत्रासोबत बाबांची गंमत पाहिलेल्या लोकांच्या सह्या आणि अंगठे जोडतो आहे. पहिला अंगठा त्या शेठच्या काट्यावर तेव्हा धान मोजणाऱ्या मापाऱ्याचा आहे. तो सवाल त्याला अजून तोंडपाठ आहे.

आपला,
एका खडीगंमत शाहिराचा मुलगा