अलकापुरीच्या बरिस्ताताईंना जाहीर धन्यवाद

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. बडोद्यात तुमच्या कॉफीच्या काउंटरवर ज्यांनी टॅम्पर (पूड दाबायचा दट्ट्या) हातात धरला, त्यांना बरोबर कळेल.

आधी मनातली मळमळ. याच शहरात घसघशीत फी घेऊन बरिस्ता कोर्स, म्हणजे कॉफी बनवण्याचे वर्ग, चालवणारेही आहेत. तिथे पडद्यावर इथिओपियाचा नकाशा दिसतो, लातेवर हंस कसा काढतात ते दिसतं, आणि मशीनला हात लावायची वेळ आली की दूध महाग झालेलं असतं. प्रमाणपत्राला मात्र सोनेरी किनार. ग्राइंडर कुठल्या बाजूला फिरवला की दळण बारीक होतं, हे तिथून बाहेर पडणाऱ्याला विचारून बघा!

१८ ग्रॅम कॉफीची पूड, ३६ ग्रॅमचा शॉट (कपात उतरणारी एस्प्रेसो), २५ ते ३० सेकंद. हे आकडे कुणीही सांगतं. पण पंधरा सेकंदांतच भसकन वाहून गेलेला शॉट समोर आला की बाकीचे तो सिंकमध्ये ओततात आणि शिकणाऱ्याकडे बघतात. तुम्ही तो आधी स्वतः प्यायलात. तोंड वाकडं न करता. मग कप पुढे सरकवलात आणि विचारलंत, "आंबट की कडू? घाई नको, परत घोट घे."

नवशिक्यांची गल्लत इथेच होते, दोन्हीला ते सरसकट कडूच म्हणतात. आंबट म्हणजे पाणी घाईत निघून गेलं, दळण बारीक करा. कडू आणि जीभ कोरडी पाडणारं म्हणजे पाणी रेंगाळलं, जरा जाडसर करा. डोस, म्हणजे पुडीचं वजन, तोच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि सेटिंग फिरवल्यावर आधीची थोडी पूड काढून टाकायची, कारण ग्राइंडरच्या नळीत जुनं दळण अडकून असतं. वेळ बरोबर येऊनही एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागलं, तर पाण्याने पूडीतून चोरवाट काढली समजा. तिथे जोर लावून उपयोग नाही. सुईने गुठळ्या मोडून पूड सारखी करायची आणि टॅम्पर सरळ दाबायचा.

हे सगळं त्या एका घोटातून शिकवलंत. वाया गेलेल्या कॉफीचे पैसे शिकाऊ पोरांच्या पगारातून कापणारी दुकानंही आहेत. तुमच्याकडे मान खाली घालायची वेळ कुणावर आली नाही. साधी माणुसकी आहे ही, पण हल्ली तीही शोधावी लागते.

दुधाचं थोडक्यात: पिचर (दुधाचं भांडं) हाताला गार लागतोय तोवरच हवा भरायची, मग वाँडचं (वाफेच्या नळीचं) टोक जरा खाली नेऊन भोवरा फिरवायचा, ६०-६५ अंशांवर वाफ बंद. सत्तरीपुढे दुधाची गोडी जाते. पण आपलं गिऱ्हाईक उकळत्या चहावर वाढलेलं, ते "एकदम गरम आपजो" (द्या) म्हणणारच. त्यावर दूध जास्त न तापवता कप तापवायचा, ही तुमची युक्ती रोज कामाला येते.

आता आमच्याही हाताखाली पोरं शिकतात. पहिला आंबट शॉट आम्हीच आधी पितो. तोंड मात्र अजून वाकडं होतंच, त्यावर काही उपाय असेल तर कळवा.

तुमच्या हाताखालची मंडळी,
दांडिया बाजार, बडोदा